माल आपला, कागद कोणाचा?

मिरजेच्या एका तंतुवाद्य कारागिराने मागे आमच्यापुढे एक जाड फाईल ठेवली आणि म्हटले, "साहेब, यातला कोणता कागद माझ्या बाजूचा आहे तेवढे सांगा." आम्ही तासभर फाईल चाळली. त्यांच्या बाजूचा कागद एकच निघाला, आणि त्याची मूळ प्रत त्यांनी आपल्याच हाताने परत करून टाकली होती.

हकीकत अशी. युरोपातील एका वाद्यविक्रेत्याने त्यांच्याकडे २४ तानपुऱ्यांची मागणी नोंदवली. ३० टक्के रक्कम आगाऊ आली, बाकीची 'माल पोहोचल्यावर' देण्याचे ठरले. सहा माणसांनी साडेचार महिने राबून वाद्ये तयार केली. सौदा 'एफओबी न्हावा शेवा' असा होता आणि फॉरवर्डर खरेदीदाराने नेमलेला होता. जहाज सुटल्यावर त्या फॉरवर्डरच्या कचेरीतून फोन आला, "बीएल सरेंडर करा, म्हणजे माल तिकडे लवकर सुटेल." लवकर सुटेल म्हणजे पैसेही लवकर येतील, असे समजून आमच्या मित्राने सही केली. माल सुटला. पैसे आले नाहीत. पाच आठवड्यांनी पत्र आले की सात तानपुऱ्यांचे भोपळे तडकले आहेत, सबब बाकी रक्कम मिळणार नाही.

नावे आम्ही देत नाही. कोणाची बदनामी करणे हा या लेखाचा हेतू नाही. खरेदीदार लबाड होता की खरोखर भोपळे तडकले होते, हेही इथे बसून ठरवता येणार नाही. आम्हाला बोलायचे आहे ते आपल्या बाजूबद्दल. आमचे स्पष्ट मत असे की, आपला कारागीर हाताने जे कमावतो ते कागदावर गमावतो. परदेशच्या समुद्री व्यापारात माल जहाजाच्या पोटात असतो. तो ना विकणाऱ्याला दिसत, ना घेणाऱ्याला, ना बँकेला. तिघांनाही दिसतो तो फक्त कागद. म्हणून ज्याच्या हाती कागद, त्याच्या हाती माल.

ही गोष्ट केवळ तानपुऱ्याची नाही. भिवंडीचे कापड असो, मालेगावचे असो, कोल्हापूरची चप्पल असो की औरंगाबादची हिमरू असो, स्वतः परदेशी माल पाठवण्याची हिंमत आता छोटे लोकही करू लागले आहेत. ही आनंदाची बाब आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले. पण नाव झाले म्हणून पैसा घरी येतो असे नाही. तो यायचा तर काही गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

एक सही, आणि माल गेला

बिल ऑफ लेडिंग, ज्याला आपल्या बाजारात नुसते बीएल म्हणतात, तो कागद तीन कामे करतो. पहिले, माल मिळाल्याची ती पावती असते. दुसरे, भाड्याच्या कराराचा तो पुरावा असतो. तिसरे आणि सर्वांत मोठे, ज्याच्याकडे त्याची मूळ प्रत रीतसर आली तोच परक्या बंदरात माल मागू शकतो. सहसा तीन मूळ प्रती निघतात, आणि त्यांपैकी एक दाखवली की माल सुटतो. म्हणून पैसे हाती येईपर्यंत तिन्ही प्रती आपल्या किंवा आपल्या बँकेच्या ताब्यात असणे, हीच छोट्या व्यापाऱ्याची खरी तिजोरी.

'सरेंडर' म्हणजे काय? मूळ प्रती इथेच परत करायच्या आणि तिकडच्या कचेरीला कळवायचे की कागद न मागता माल द्या. ही सोय वाईट नाही. संपूर्ण पैसे आधी आले असतील, किंवा घेणारा वर्षानुवर्षांचा भरवशाचा असेल, तर जरूर वापरावी. पण ७० टक्के रक्कम बाकी असताना सरेंडरवर सही करणे म्हणजे दुकानाची किल्ली गिऱ्हाइकाला देऊन आपण घरी झोपायला जाणे आहे. 'सी वेबिल' नावाचा जो कागद असतो त्याचेही तसेच. त्यावर ज्याचे नाव आहे त्याला मूळ कागद न दाखवता माल मिळतो. नाव सारखे वाटले तरी ते बीएल नव्हे.

मग करावे काय? एक मार्ग असा की कागद बँकेमार्फत पाठवावेत आणि 'पैसे दिल्यावरच कागद द्या' अशी लेखी सूचना द्यावी. बाजारात याला डीपी म्हणतात. त्याचा भाऊ डीए. त्यात खरेदीदार 'अमुक दिवसांनी देईन' असे मान्य करतो आणि कागद घेऊन जातो. दोन अक्षरांतला हा फरक लाखाचा असतो. दुसरा मार्ग एल.सी.चा, म्हणजे परदेशी बँकेच्या हमीपत्राचा. पण तिथेही ध्यानात ठेवावे की बँक माल पाहत नाही, कागद पाहते. २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमांप्रमाणे बँकेला कागद तपासायला पाच कामकाजी दिवस असतात, आणि बीएलची मूळ प्रत जोडलेले कागद माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत सादर करावे लागतात. एल.सी.त त्याहून कमी मुदत लिहिली असेल तर तीच खरी. मालाचे वर्णन बीजकात एक आणि एल.सी.त दुसरे, एवढ्यावरून कागद परत आल्याची उदाहरणे कितीतरी आहेत. तानपुरा अस्सल होता, हे बँकेला सांगून उपयोग होत नाही.

आणखी एक बारकावा. वाटणीच्या कंटेनरमधून माल जातो तेव्हा जहाज कंपनीचा बीएल फॉरवर्डरच्या नावे निघतो आणि फॉरवर्डर आपल्याला स्वतःचा बीएल देतो. त्याला 'हाऊस बीएल' म्हणतात. म्हणजे आपल्या हातातल्या कागदाची किंमत त्या फॉरवर्डरच्या पतीइतकीच. आपल्या देशात १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली अशा व्यावसायिकाची नोंदणी नौवहन महासंचालनालयाकडे होते. नोंदणी क्रमांक विचारणे आणि तो आजही चालू आहे का ते पाहणे यात लाज कसली? मुलीचे स्थळ पाहताना आपण सात घरी चौकशी करतो. वर्षाची कमाई ज्याच्या स्वाधीन करायची त्याची एक चौकशी करायला काय हरकत आहे?

'एफओबी' एवढा लाडका का?

आपल्याकडे दहापैकी आठ छोटे निर्यातदार विचारल्याबरोबर 'एफओबी' म्हणतात. कारण सोपे आहे. जहाजाचे भाडे खरेदीदाराने भरायचे, आपल्याला ती कटकट नको. पण जो भाडे भरतो तोच फॉरवर्डर नेमतो, आणि फॉरवर्डर ज्याचे मीठ खातो त्याचे ऐकतो. आमच्या मित्राला 'सरेंडर करा' असे सांगणारा माणूस मुंबईत बसलेला असला तरी काम खरेदीदाराचे करत होता. त्यात त्याने बेकायदा काही केले असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मित्राने त्याला आपला माणूस समजले, चूक तिथे झाली.

एफओबीत जोखमीचे गणितही समजून घ्यावे. माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची असते. पूर्वी हमाल गोणी उचलून जहाजावर टाकत, तेव्हा हे ठीक होते. आता माल आधी सीएफएसच्या गोदामात जातो, तिथे कंटेनरमध्ये भरला जातो, मग बंदराच्या आवारात थांबतो. आपल्या हातून सुटून कित्येक दिवस तो परक्या ताब्यात असतो, आणि जोखीम मात्र आपल्या डोक्यावर. म्हणूनच, ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाने १९३६ साली पहिल्यांदा हे शब्द नियमबद्ध केले आणि २०२० साली त्यांची नवी आवृत्ती लागू केली, ते मंडळ स्वतःच सांगते की कंटेनरच्या मालासाठी 'एफओबी' ऐवजी 'एफसीए' वापरा. एफसीएत ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला की जोखीम खरेदीदाराची. बीजकावर तीन अक्षरे बदलायची. त्याला एक पैसा खर्च येत नाही.

ज्यांना भाड्याचे दर काढणे जमते त्यांनी 'सीआयएफ'ने सौदा करावा असे आम्ही सुचवू. भाडे आणि विमा दोन्ही आपण भरायचे आणि किमतीत धरायचे. मग फॉरवर्डर आपला, विमा कंपनी आपण निवडलेली, आणि कागद पहिल्यांदा आपल्या टेबलावर. मात्र गैरसमज नको. सीआयएफमध्ये भाडे आपण दिले तरी माल जहाजावर चढल्यावर वाटेतली जोखीम खरेदीदाराचीच असते.

इथे आम्ही आमच्या मित्राच्या फाईलकडे परत येतो. त्यांच्या बाजूचा तो एकच कागद म्हणजे 'क्लीन ऑन बोर्ड' बीएल, म्हणजे माल बाहेरून सुस्थितीत जहाजावर चढला अशी कबुली. एफओबी सौद्यात जहाजावर चढल्यानंतर भोपळा तडकला असेल तर तो खरेदीदाराचा तडकला, विकणाऱ्याचा नव्हे. फक्त बांधणी कच्ची होती असे सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. शिवाय सागरी मालवाहतुकीच्या कायद्यात अशी तरतूद आहे की बाहेरून न दिसणारे नुकसान असेल तर माल घेतल्यापासून तीन दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी कळवावे. तसे कळवले नाही तर बीएलमध्ये लिहिल्याप्रमाणेच माल मिळाला असे वरकरणी मानले जाते. वाहतूकदारावर दावा करायला मुदत एक वर्षाची. तेव्हा पहिला प्रश्न विचारायला हवा होता तो हा: "तुम्ही तीन दिवसांत वाहतूकदाराला नोटीस दिली काय? सर्व्हेअरचा अहवाल कुठे आहे?" आमच्या मित्राला हे ठाऊक नव्हते. म्हणून ते पाच आठवडे जुन्या तक्रारीपुढे मान खाली घालून बसले. बीएलची झेरॉक्स हाती होती, तिच्या आधारे त्यांनी आता पत्र पाठवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

भाडे वजनाचे नव्हे, जागेचे

वाटणीच्या कंटेनरचे, म्हणजे एलसीएलचे भाडे घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त होईल त्यावर लागते. एक घनमीटर बरोबर एक टन असा हिशेब. लोखंडवाल्याला वजन मारते, आपल्या हलक्या मालाला जागा मारते. साधा हिशेब करू. मध्यम तानपुऱ्याची पेटी १५० बाय ५५ बाय ५० सेंटिमीटरची केली तर एक पेटी ०.४१ घनमीटरची होते. २४ पेट्यांचे ९.९ घनमीटर. वजन पेटीसकट २५ किलो धरले तर सगळे मिळून अवघे ६०० किलो. भाडे कशाचे? ९.९ घनमीटरचे. आता तीच पेटी नीट मोजून प्रत्येक बाजूने ५ सेंटिमीटर कमी केली तर २४ पेट्या ७.८ घनमीटरमध्ये बसतात. दोन घनमीटरचे भाडे वाचले, तेही सुतार आणि फूटपट्टी यांच्या बळावर. मात्र पेटी घट्ट करताना भोपळ्याभोवतीची गादी कमी करू नये, नाहीतर भाड्यात वाचवले ते फुटीत जाईल.

पेटीच्या लाकडाचीही एक गोष्ट आहे. कच्च्या लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून आयएसपीएम १५ नावाचा नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले, किंवा मान्य पद्धतीने धुरी दिलेले असले पाहिजे, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का हवा. शिक्का नसला तर माल परत येतो, किंवा खर्च आपल्या माथी मारून पेटी नष्ट होते. गल्लीतल्या वखारीतून फळ्या आणून ठोकलेली पेटी इथेच मार खाते. प्लायवूडला हा नियम लागू नाही, म्हणून छोट्या कारागिराने प्लायच्या पेट्या कराव्यात. पण पेटीच्या आत वा खाली साध्या लाकडाची जाड पट्टी ठोकली की तिला शिक्का लागतोच.

आतल्या मालाचे लाकूडही लपवू नये. शिसवीच्या जातीच्या सर्व लाकडांवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले, तेव्हा वाद्य बनवणाऱ्यांचे हाल झाले. २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ती सूट वाद्यांना आहे, सरसकट लाकडाला नाही. घोडी हाडाची असेल तर बीजकात तसे लिहावे. हरणाच्या शिंगाची असेल तर तो माल पाठवूच नये, आपल्याच वन्यजीव कायद्याने तो वर्ज्य आहे.

आणि बीएलवर नगांचा आकडा लिहून घ्यावा. आमच्या मते फाईलमधली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मौल्यवान ओळ आहे. कायद्याने वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित आहे. दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, यांतील जी रक्कम जास्त ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. बीएलवर '२४ पेट्या' असे लिहिले असेल तर २४ नग धरतात, आणि सगळा माल गेला तर मर्यादा सुमारे १६,००० एसडीआर होते. 'एक लॉट वाद्ये' असे लिहिले तर तो एक नग. मग ६०० किलोचे १,२०० एसडीआर, बस्स. माल तोच, समुद्र तोच. फरक कारकुनाने टंकलेल्या दोन शब्दांचा. २०२५ साली संसदेने १८५६ चा बिल ऑफ लेडिंग कायदा आणि १९२५ चा सागरी मालवाहतूक कायदा बदलून नवे कायदे मंजूर केले. तरी या व्यवहाराचा गाभा पूर्वीचाच आहे. कागद ज्याचा, हक्क त्याचा.

विमा आणि समुद्राचा जुना दस्तूर

विम्याचे नाव काढले की आपल्या अनेक बांधवांच्या मनात शंका येते. तिचा फैसला या पानाने करावा असे आम्हाला वाटत नाही. ते काम जाणत्या उलेमांचे आहे, आणि ज्याला शंका आहे त्याने त्यांनाच विचारावे. पण शंका पुढे करून कागदच न वाचणे ही दीनदारी नव्हे, ती आळशीपणाची ढाल आहे. विचारायला जाताना निदान प्रश्न नीट घेऊन जावा.

प्रश्नातला एक भाग असा. समुद्रावर एक फार जुना दस्तूर आहे, त्याला 'जनरल अॅव्हरेज' म्हणतात. जहाज बुडण्याची वेळ आली आणि ते वाचवण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो तोटा जहाजमालक आणि सर्व मालधारक यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले होते, ते वाचकांना आठवत असेल. त्यावर १८ हजारांहून अधिक कंटेनर होते. जहाजमालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केला. ज्यांचा विमा होता त्यांच्या वतीने विमा कंपन्यांनी हमी दिली. ज्यांचा नव्हता त्यांच्यावर माल सोडवण्यापूर्वी स्वतः अनामत भरण्याची पाळी येते, मग त्यांच्या मालाला ओरखडाही आलेला नसो. म्हणजे तुम्ही विमा घ्या अथवा न घ्या, जहाजावर माल चढला की समुद्राने तुम्हाला वाटेकरी केलेलेच आहे.

आणि धोका दूरच्या समुद्रातच असतो असेही नाही. २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ ६४० कंटेनरांसह बुडाले. विझिंजमहून कोची, एवढाच तो प्रवास होता. त्याआधी नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला, भाडेही वाढले. ज्यांनी सौद्यात वाढीव भाडे कोणाचे हे लिहिले नव्हते, त्यांची खरेदीदाराशी भांडणे झाली.

ज्यांना विमा घ्यायचा आहे त्यांनी इतके पाहावे. सागरी विम्याचे ए, बी, सी असे तीन प्रकार आहेत. 'सी' सर्वांत स्वस्त. त्यात आग लागणे, जहाज बुडणे असे मोठे अपघात येतात, पण चोरी किंवा हाताळणीतली फूट येत नाही. सीआयएफ सौद्यात नियमाने विकणाऱ्यावर एवढ्याच विम्याचे बंधन आहे. फुटणाऱ्या मालाला 'ए' हवा. युद्ध आणि संप यांचे कलम वेगळे मागून घ्यावे. पण 'ए' म्हणजे सर्व काही, असेही नाही. कच्ची बांधणी, मालाचा अंगचा दोष आणि उशिरामुळे झालेले नुकसान त्यात येत नाही. बंद कंटेनरमध्ये दिवसा ऊन आणि रात्री गारवा यामुळे छताला पाणी सुटते आणि ते मालावर ठिबकते. भोपळा, चामडे, कापड यांना हे घातक असते. तेव्हा माल पूर्ण वाळवून भरणे, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टाकणे आणि पेटी बंद करण्यापूर्वी तारखेसह फोटो काढणे, हा विम्याच्या आधीचा विमा आहे.

एकट्याचा कोपरा, चौघांचा कंटेनर

हे सगळे एकट्या कारागिराने करावे असे आम्ही म्हणत नाही. त्याने घोडी घासून जवारी काढायची की यूसीपी ६०० वाचायचे? आमचे म्हणणे असे की चौघांनी मिळून करावे. वीस फुटी कंटेनरमध्ये आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते, प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर माल नीट बसतो. वरच्या हिशेबाने एकाचा माल सुमारे ८ घनमीटर. तिघा कारागिरांचा माल एकत्र आला की कंटेनर जवळजवळ भरतो. वाटणीच्या कंटेनरमध्ये आपला माल दोन्हीकडच्या गोदामांत उघडला जातो, परक्या मालाखाली दबतो, शेजारच्या पिंपातून तेल गळले तर भिजतो. स्वतःचा कंटेनर आपल्या डोळ्यांदेखत भरून सील होतो आणि थेट खरेदीदाराच्या दारात उघडतो. दर नगामागे भाडेही बहुधा कमी पडते.

त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. एकाच गावातल्या पाच-सहा घरांनी एकत्र यावे. एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी कागदांसाठी नेमावी. एक फॉरवर्डर आणि एक क्लिअरिंग एजंट तपासून ठरवावा. प्रत्येकाचा माल, त्याची पेटी, त्याचा हिशेब वेगळा लिहावा. आणि ईसीजीसी या १९५७ पासूनच्या सरकारी कंपनीकडे खरेदीदार बुडाला तर काय, याची चौकशी आधी करावी, नंतर नव्हे.

यावर तीन हरकती आम्ही नेहमी ऐकतो. पहिली, "आम्हाला इंग्रजी येत नाही." कबूल. पण घरात ज्याला येते त्याला तुम्ही धंद्याचे कागद कधी दाखवलेत? दुसरी, "मुंबईचा व्यापारी रोख घेऊन जातो, तेच बरे." काहींसाठी ते खरोखरच बरे आहे, आणि अशा व्यापाऱ्याचा नफा हा त्याने उचललेल्या जोखमीचा मोबदला आहे. त्याला शिव्या देऊ नयेत. पण स्वतः निर्यात करायची ठरवली असेल तर त्याचा नफा हवा आणि त्याची मेहनत नको, असे चालत नाही. तिसरी हरकत सर्वांत प्रामाणिक. "अटी घातल्या तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल." जाईलही. म्हणून सगळ्या अटी एकदम घालू नयेत. पण एका अटीवर आम्ही हटून राहायला सांगू. पूर्ण पैसे येईपर्यंत मूळ बीएल सोडायचा नाही. जो खरेदीदार एवढ्यावरून निघून गेला, तो माल घेऊनही निघूनच गेला असता.

माल तिकडे पडून राहिला तर काय, हेही सांगून ठेवतो. खरेदीदाराने माल उचलला नाही तर बंदराचे आणि कंटेनरचे दिवसाचे भाडे चढत जाते आणि शेवटी ते बीएलवर ज्याचे नाव 'शिपर' म्हणून आहे त्याच्याकडेही मागितले जाते. म्हणून आगाऊ रक्कम निदान दुतर्फा भाडे आणि हा खर्च भागेल इतकी घ्यावी. कागद हातात ठेवण्याचा हक्क हवा असेल तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते.

कोकणच्या किनाऱ्यावरील आपल्या कितीतरी घरांत सारंग, तांडेल आणि खलाशी होऊन गेले. वारा कुठून आणि भरती केव्हा, हे त्यांना सांगावे लागत नसे. आज त्यांचे नातू कंटेनर पाठवतात आणि कंटेनरच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचत नाहीत. समुद्र बदललेला नाही. त्याची भाषा बदलली आहे, ती आता कागदावर लिहिली जाते.

मिरजेच्या त्या मित्राने जाता जाता आम्हाला विचारले, "पुढच्या वेळी पहिली गोष्ट कोणती करू?" आम्ही म्हटले, सहीसाठी फोन आला की पेन खाली ठेवा आणि एवढेच विचारा, "पैसे आले काय?" आमच्या सर्व व्यापारी आणि कारागीर बांधवांना आमचा हाच सल्ला आहे.